निरोपाचं पद

९ नोव्हेंबर, रविवार
जुन्नरला नाटकं बसवणाऱ्या नजीर सरांबरोबर पुण्याला जाऊन आलो. जुनं संगीत नाटक, नव्या संचात. नायक मालिकेतला. दिसायला देखणा, पण पद सुरू झालं की ओठ आधी आणि आवाज मागून. गाणं टेपवर होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हाताची घडी घालून बसलो. गाणारा नट मिळत नसेल तर संगीत नाटक करूच नये. पदंही निम्मी कापलेली. ऑर्गनच्या जागी कीबोर्ड.

येताना राजगुरुनगरच्या पुढं चहाला थांबलो. सर म्हणाले, "दत्ताभाऊ, शिव्या देण्यापेक्षा आपण करू या. आपल्या जुन्या हेडमास्तरांनी लिहिलेलं 'हेमकला' करू."
आमच्या ओतूरच्या जत्रेत ते एकदाच झालं होतं, मी कॉलेजात असताना. हेमकला राणी करायला पुण्याहून एक गायिका आणल्या होत्या. मी त्यांना मनात अजून नुसतं 'बाई' म्हणतो. विचारलं, "बाईंच्या जागी कोण उभी करणार?" सरांनी चहाचे पैसे दिले.

१६ नोव्हेंबर
सर घरी आले होते. सुमन आत शेंगा फोडत बसली होती, भजनी मंडळातलं काहीतरी गुणगुणत. सर बोलता बोलता थांबले. म्हणाले, "वहिनी, जरा बाहेर येता का?" निरोपाच्या पदाची चाल त्यांनी दोनदा म्हणून दाखवली. टेबलावर बोटांनी ताल धरला. सुमननं पदराला हात पुसत पद म्हटलं. तिसऱ्या वेळी तर सरांकडे न बघता.
सर म्हणाले, "हेमकला मिळाली."
मी हसलो. "सर, राणी आहे ती. गवळण नव्हे."
सुमन आत गेली. ऐकलं असणार.

२३ नोव्हेंबर
जुन्नरला शाळेच्या हॉलमध्ये पहिली तालीम. सुमन घाबरेल वाटलं होतं, घाबरली नाही. पण राणीच्या तोंडी "न्हाई" आणि "व्हतं". माहेर डोंगरातलं, तळेघरचं, त्याला ती काय करणार. सर म्हणाले, होईल हळूहळू. परत येताना मोटरसायकलवर मागं बसून तिनं सगळे संवाद म्हटले. मी पुढून चुका सांगत होतो. लई मजा आली म्हणाली. एवढी हसताना तिला बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

७ डिसेंबर
घरी रोज घेतो तिच्याकडून. दुकानातून दुपारी जेवायला आलो की आधी पद, मग ताट. निरोपाच्या पदात 'माघारी' शब्दावर बाई वर जाऊन मोठी तान घ्यायच्या. तो शब्द त्यांनी किती वेळ धरून ठेवला होता, अजून कानात आहे. सुमन तिथं खाली येते, शब्द जवळजवळ बोलते आणि थांबते. सूर सोडल्यासारखं वाटतं. दहा वेळा सांगितलं.
"मला तिथं गाववत न्हाई," म्हणाली. "ती निघालीय घरातनं. तान कशी घेईल?"
मी म्हणालो, संगीत नाटकात घेतात.

२८ डिसेंबर
आज चुकलं माझं. तिथल्या तिथं कळलं नाही, घरी आल्यावर कळलं.
भर तालमीत उठून मी सुमनला थांबवलं. बाई या ओळीत मध्ये श्वास घेत नसत, ते सगळ्यांसमोर सांगितलं. तबलेवाला तबला पुसायला लागला. सर शांतपणे म्हणाले, "भाऊ, थांबवायचं काम माझं." मग तिला म्हणाले, "वहिनी, पुन्हा घ्या." तिनं पुन्हा घेतलं. श्वास न घेता. शेवटी आवाज फाटला.
येताना मागं बसून तिनं संवाद म्हटले नाहीत. वाटलं, थंडी आहे.

११ जानेवारी, रविवार
घसा दुखतोय म्हणून सुमन तालमीला आली नाही. मी एकटाच गेलो. तिच्या जागेवर सरांनी स्वतः संवाद वाचले. घरी आलो तर ती शेजारणीशी फाटकात उभी राहून बोलत होती, आवाज चांगला खणखणीत. मी गाडी आत घेतली.

१८ जानेवारी
दुकानात दुरुस्तीला तीन सबमर्सिबल मोटारी जळून आल्या, द्राक्षवाले डोक्यावर बसलेले. सुमन एकटीच एसटीनं गेली तालमीला. संध्याकाळी सरांचा फोन. "आज वहिनींनी निरोप असा म्हटला, पद संपल्यावर कुणी बोलेना. तुम्ही हवे होतात."
मी विचारलं, "'माघारी'ला तान घेतली?"
सर म्हणाले, "ठेवतो फोन."
सुमन समोर कणीक मळत होती. "काय म्हणत व्हते सर?"
मी म्हणालो, "सरांचं काय, ते सगळ्यांचंच कौतुक करतात."
असं का बोललो? खरं तर मला राग आला होता. ते माझ्याशिवाय झालं याचा.

२५ जानेवारी
तालीम संपल्यावर सुमननं सरांना बाजूला घेतलं. मी वहाणा घालत होतो, ऐकू आलं. "माझ्याच्यानं न्हाई व्हायचं, सर. दुसरी बघा." सरांनी खूप समजावलं. ती खाली बघून मान हलवत राहिली.
बनकर फाट्याशी गाडी थांबवून विचारलं, काय झालं.
"तुमाला ती बाई पायजे," म्हणाली. "मी कुठनं आणू?"
रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी बोलायला लागलो, तर म्हणाली, चला, दुधाची वेळ झाली.

८ फेब्रुवारी
नवी हेमकला आली. अवनी, नारायणगावची, कॉलेजात आहे, शास्त्रीय शिकते. गळा तयार. सगळ्या ताना घेते. 'माघारी'ची पण घेतली, अगदी मी सांगत होतो तशी, वर जाऊन, लांबच लांब. सरांनी विचारलं, "कसं वाटलं, भाऊ?"
मी म्हणालो, चांगलं आहे.
चांगलंच होतं. गाणं ऐकलं. राणी घरातून निघालेली काही दिसली नाही.

१५ फेब्रुवारी
मढला दादाकडं गेलो. मेंढरं आता थोडीच ठेवलीत, पण सोडवत नाहीत त्याला. बोलता बोलता नाटकाचं सगळं सांगितलं. हेमकला बघायला आम्ही दोघं बरोबरच गेलो होतो तेव्हा. दादा म्हणाला, "कोणती बाई? त्या दिशी तर बाईचा घसा बसला व्हता."
म्हटलं, काहीतरीच काय.
"मला काय गान्यातलं कळतंय? तूच म्हनला व्हता वाटंनं. एवढी लांबनं आनली न् गळाच न्हाई."
मला आठवत नाही. अजिबात आठवत नाही. दादाला सहसा आठवतं.
येताना गाडी सावकाश चालवली. म्हणजे मी सुमनला जी बाई ऐकवत होतो ती…

१ मार्च
सुमनला म्हणालो, चुकलं माझं, पुन्हा कर, मी सरांशी बोलतो. ती गहू पाखडत होती. म्हणाली, "त्या पोरीचं वाईट करू नका."
तरी सरांकडे गेलो. सर जुन्नरला त्यांच्या भावाच्या कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसले होते. ऐकून घेतलं. "आता त्या मुलीला काय सांगू? पाठ केलंय तिनं सगळं. आणि भाऊ, वहिनींना नको म्हणणारा मी नव्हतो." शेवटचं वाक्य हळूच म्हणाले. चहा पाजला.

१५ मार्च
तालमीला जातो, मागं बसतो, मत देत नाही. कलाकारांना चुकल्याचुकल्यासारखं वाटतं बहुतेक. राजा करणारा मला विचारायला आला, "काका, माझं काही?" म्हटलं, सरांना विचार.
घरी सुमन नेहमीसारखी. जेवायला वाढते, हसते, भावकीतल्या लग्नांचं बोलते. फक्त नाटक हा शब्द कुणी काढत नाही.

२९ मार्च, रविवार
प्रयोग झाला. शाळेचं मैदान भरलं होतं. सुमन निळं लुगडं नेसून आली, बायकांत बसली. मी पुरुषांत, डाव्या बाजूला. तिथून ती दिसत होती.
राजा दोनदा संवाद विसरला. माइक शिट्ट्या मारत होता. अवनी मात्र पहिल्या प्रवेशापासून पक्की.
मग निरोपाचं पद. मी 'माघारी'ची वाट बघत होतो. अवनी खाली आली. शब्द जवळजवळ बोलली आणि थांबली. तान नाही. सरांनी पेटीवरचा हात उचलून धरला होता, म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळं मैदान गप्प. कुठंतरी मूल रडलं तेवढंच.
मी सुमनकडं बघितलं. ती स्टेजकडं बघत होती, पोरीबरोबर ओठ हलत होते.
नंतर अवनी धावत बायकांत गेली, सुमनच्या पाया पडली. सरांनी माइकवर माझ्या मार्गदर्शनाबद्दल आभार मानले. लोकांनी माझ्याकडं वळून टाळ्या वाजवल्या. कुठं बघावं कळेना.
घरी येऊन विचारलं, "तू शिकवलंस तिला?"
"फोन करायची दुपारी. तुमी दुकानात असायचे तवा."
"मला नाही सांगितलंस."
"तुमी शिकवलं असतं मग तिला."


१२ एप्रिल
सरांचा फोन. मंचरला प्रयोग मागितलाय, मे महिन्यात. अवनीची परीक्षा तेव्हाच. "वहिनींना विचारा ना, भाऊ."
म्हटलं, "मी नाही विचारणार. तुम्ही घरी या, मी दुकानात असेन."
"का हो?"
"मी विचारलं तर ती माझ्यासाठी हो म्हणेल, नाहीतर माझ्यामुळं नाही म्हणेल."

१५ एप्रिल
आज सर येऊन गेले असावेत. दुपारी घरी आलो तर ओट्यावर दोन कपबश्या धुऊन पालथ्या घातलेल्या. सुमननं वाढलं. मी जेवलो. काय बोलणं झालं ते विचारलं नाही. हात धुताना ती म्हणाली, "रविवारी जुन्नरला जायचंय मला."
कशाला, ते विचारलं नाही. सोडू का गाडीवर, एवढंच म्हणालो.
ती ताट उचलत होती. म्हणाली, "नको. एसटीनं जाईन."