खाटेखालचे आलू

माय, बडनेऱ्याच्या माझ्या शाळेत, सातवीच्या वर्गाच्या खिडकीत, सध्या अंड्यांचे दोन ट्रे ठेवले आहेत. प्रत्येक खळग्यात बियाण्याचा एक आलू, डोळा वर. तिसरा ट्रे मुलींनी मुद्दाम कपाटात बंद केला होता, अंधारात काय होतं ते पाहायला. काल कपाट उघडलं आणि मी खुर्चीवर बसून राहिले. वीतभर लांब, पांढरे, लिबलिबीत कोंब दाराच्या फटीकडे वळलेले. म्हणून तुला लिहिते आहे.

तू दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास अंडेवाल्याकडून रिकामे ट्रे मागून आणायचीस आणि ओसरीवर मांडायचीस. उन्हात नाही, अंधारातही नाही. कोंब बुटके, जाड, जांभळट झाले की मगच मागच्या वाडीत लावायचीस. लहानपणी एकदा मी डोळे न फुटलेले आलूच मातीत पुरायला निघाले, तेव्हा मातीनं भरल्या हातानं तू माझं मनगट धरलंस. "काहून घाई करून राहिली वं? त्याले जागं तं होऊ दे."

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा तू आजारी पडलीस. मावशी अकोल्यात जठारपेठेत राहते म्हणून तुला तिथल्या दवाखान्यात नेलं. ऑटोत बसताना तू दुखण्याबद्दल काही बोलली नाहीस. "आलू उजेडात राहू दे. कोंब तुटू देऊ नको, बाई." एवढंच.

त्याच आठवड्यात अमरावतीहून माझ्या कॉलेजच्या दोन मैत्रिणी घरी येणार होत्या. घरातल्या बाईच्या कष्टांना मान द्या, असं भाषण करून मी नुकतंच बक्षीस मिळवलं होतं. आणि ओसरीवर अंड्यांचे ट्रे दिसतील याची मला लाज वाटली. मी ते एकावर एक रचून खाटेखाली सरकवले, वर पोतं टाकलं. मैत्रिणी चहा घेऊन गेल्या. ट्रे तिथंच राहिले.

तीन आठवड्यांनी पोतं उचललं तेव्हा सगळे कोंब एकमेकांत गुंतले होते. सोडवायला गेले तर तुटून हातात आले. मी सगळे आलू उकिरड्यावर फेकले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तू विचारलंस, "डोये फुटले का?"

"लावले पण. सहा ओळी."

तू उशीवरून मान वळवून शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणालीस, "पाह्य, माही पोरगी बीएस्सी होऊन राहिली, तरी हातानं आलू लावते." ती बाई हसली. "मंग आमाले बी पाठवजो, बाई." तू बोटांवर महिने मोजायला लागलीस. "मी घरी आली का खोदू." मी मान हलवली. पुढच्या प्रत्येक भेटीत तू त्या सहा ओळींबद्दल विचारायचीस. पाणी दिलं का, माती चढवली का. मी प्रत्येक वेळी नवीन काहीतरी सांगायचे. माझ्या ओळी वाढत होत्या आणि तू वाळत होतीस. दीड महिन्यानं तू गेलीस. तुला घरी आणलं ते वाडीच्याच वाटेनं. वाडी कोरडी होती.

आता मी मुलींना सांगते, जे दिसलं तेच वहीत लिहा, निरीक्षण खोटं लिहू नका. काल एकीनं कपाटातला आलू हातात धरून विचारलं, "मॅडम, याचे कोंब तुटले तर हा वाया गेला का?" मी म्हणाले, "नाही. त्याला दुसरे डोळे असतात. पुन्हा फुटतो." हे मी पुस्तकातून सांगते असं तिला वाटलं.

तुझ्या तेरवीनंतर मी शेण टाकायला उकिरड्यावर गेले होते. तिथं आलूची पाच-सहा झाडं उभी होती, हिरवीगार. वाडीत का नाहीत असं कोणी विचारेल म्हणून मी ती सगळी उपटली. मुळांना बोराएवढे आलू लागले होते. मी ते पायानं पुन्हा शेणात दाबले आणि घरात येऊन हात धुतले.