मारू नको, धरून ठेव

४ सप्टें. ७७, रिठद
तार प्रयोगशाळेत मिळाली. पोचलो तोवर दादाचं सगळं आटोपलं होतं. मण्यार चावली. बाबा सांगतात, दिवेलागणीला कडब्यात हात घातला, मुंगी डसल्यासारखं वाटलं म्हणे. जेवला, झोपला. सकाळी पापण्या उघडेनात. "छप्पन सालापासून या घरात मांत्रिक नाही आला. सरळ वाशीमले नेलं." लस टोचली. तरी श्वास थांबला.
रडू आलं नाही. दोनदा चहा प्यालो.

५ सप्टें.
माणसं येताहेत. बाबा प्रत्येकाला, "हा आमचा वसंता. मुंबईले सापाच्या जहरावर शोध करून राह्यला."
जहरावर नाही. मज्जातंतूचा निरोप स्नायूवर झेलणारं प्रथिन, रिसेप्टर, ते माशाच्या अंगातून वेगळं काढतो आम्ही. मण्यारीचं जहर नेमकं त्यालाच चिकटतं आणि सोडत नाही, म्हणून जहर लागतं. हे कोणाला सांगू? मान हलवतो.

७ सप्टें.
वहिनीनं गोठ्यात नेलं. कोपऱ्यात मडकं, तोंडावर दगड.
"भाऊजी, कडबा-बिडबा काई नाही. तुमच्यासाठी धरली होती त्यायनं. पाणी द्याले झाकण काढलं तवा डसली, पन त्यायले खरचटलंच वाटलं. सकाळी मले म्हने, बाबाले सांगू नको, वसंताचं नाव निघन."
जुलैत दादाला कार्ड टाकलं होतं मीच. प्रयोगशाळेतलं जहर संपलं होतं, बाहेरचं येईना. मण्यार दिसली तर मारू नको, धरून ठेव. लिहिताना गंमत वाटली होती.
"अजून जित्ती हाय," म्हणाली.

८ सप्टें.
वहिनीनं विचारलं, जहर कशाला लागतं तुम्हाला. एक प्रथिन वेगळं काढायला, म्हणालो. ते म्हणजे काय? म्हटलं, निरोप आत घेणारं दार. जहर त्या दारात ठाण मांडतं. निरोप जात नाही, छाती हलत नाही.
"अन् ते दार तुमी बाटलीत भरून ठेवता?"
हो.
"मंग त्यायले काहून नाही देल्लं?"
तसं देता येत नाही, म्हणालो. मग उगाच बोलत सुटलो. परदेशात जंतूंच्या पोटात दुसऱ्याचं जनुक घालून त्यांच्याकडून प्रथिनं करवून घ्यायची खटपट चालू आहे. जमलं तर हेही होईल तसं. मासा नको, साप नको.
"कवा?"
माहीत नाही.
ती भाकरी थापायला उठली.

१० सप्टें.
प्रयोगशाळेतल्या सरांचं पत्र. चार ओळी सांत्वन, खाली, गावी मागवलेला तो साप मिळाला का. राग यायला हवा होता. घडी करून ठेवून दिलं.
गोठ्यात जाऊन आलो. मारली नाही. सोडलीही नाही. नुसता दगड नीट केला.

१२ सप्टें.
उद्या निघायचं. सकाळी बाबांना सगळं सांगणार होतो. ते म्हणाले, "दादा गेला, आता तूच औषध काढ बापा यावर." हो म्हणालो. लाज वाटते स्वतःची.
दुपारी दादाचे कपडे आवरताना सदऱ्याच्या खिशात कार्ड सापडलं बाबांना. घेऊन आले.
"तुयं अक्षर ओयखू येते मले, वाचता नाही येत. वाच बरं, काय लिवलं होतं दादाले."
वहिनी चुलीपाशी होती, फुंकणी हातात.
वाचलं. दादास सप्रेम जयभीम. मी इकडे खुशाल आहे. बाबांच्या गुडघ्याला मलम लावत जा.
बाबा हसले. मलमाचं ऐकून. आठ दिवसांत पहिल्यांदा.
खाली एकच ओळ राहिली होती. वहिनी फुंकायची थांबली होती, पण माझ्याकडे पाहत नव्हती.
"अजून हाय ना खाली? वाच ना बापा."