सासूबाईंचं चौथं अस्वल

निशी-कसाई, टोकियो

आदरणीय साडूबुवा अंबरीषराव यांना,

सारंगचा कॅल्गरीच्या दिशेने हात जोडून नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण आमच्या फ्लॅटमध्ये साष्टांग घालायचा तर आधी सोफा गॅलरीत न्यावा लागतो. तुमची तब्येत, वृंदाताईंची पाठ, चि. पियुषचा अभ्यास आणि तुमच्या बेसमेंटचं काम हे सगळं ठीक चाललं असेल अशी आशा आहे. (बेसमेंटविषयी पुढे.) इकडे मी, चारुता आणि सई बरे आहोत. आपल्या सासूबाई तर इतक्या मजेत आहेत, की समोरच्या इमारतीतल्या कोबायाशीबाई हल्ली मला 'सुनेत्रा-सानचा जावई' म्हणून ओळखतात. इथे मी सहा वर्षं राहतोय आणि त्या तीन महिने.

हाताने लिहिलेलं पत्र पाहून दचकू नका, कोणी आजारी नाही. आमच्याकडे फोनवर काहीही लिहिलं की ते घरच्या टॅबवरही उमटतं, आणि टॅब दिवसभर आईंकडे असतो (सकाळी भजन, दुपारी मालिका). खाजगी बोलायचं तर टपालखात्याला पर्याय उरलेला नाही.

आता मुद्दा. बाबा गेल्यापासून आई नाशिकच्या घरी एकट्या, तेव्हा त्यांनी एक उन्हाळा तुमच्याकडे आणि एक आमच्याकडे राहून बघावं आणि मग पुढे कायमचं कुठे राहायचं ते ठरवावं, असं दोघी बहिणींनी परस्पर ठरवलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. या महिनाअखेर आईंचा व्हिसा संपतो. त्या नाशिकला जाऊन घराची आवराआवर करणार आणि मग एक तर कॅल्गरी, नाही तर टोकियो. मी या स्पर्धेत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. तरीही गेल्या वर्षी तुम्ही त्यांना भाड्याच्या मोठ्या गाडीतून बॅन्फ आणि जॅस्परचे डोंगर फिरवून तीन अस्वलं दाखवलीत, त्याचे परिणाम मी भोगतो आहे. मी फुजी दाखवला. त्या म्हणाल्या, छान आहे, पण एकटाच आहे, अंबरीषरावांकडे रांगच्या रांग होती. नारा गावची हरणं दाखवली. म्हणाल्या, ही पाळलेली. एका संध्याकाळी तर इथल्या नदीवर सूर्यास्त दाखवला, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, की जपानात अस्वलं असतात का.

असतात. म्हणजे होक्काइदोला, उत्तरेच्या टोकाशी, शिरेतोको नावाच्या भागात तर भरपूर असतात, तुमच्या ग्रिझलीच्या जातकुळीतलीच. मी सप्टेंबरच्या सुट्टीतली विमानाची तिकिटं काढली आणि पुढे चार दिवसांसाठी गाडी भाड्याने घेतली.

गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. भारतातलं लायसन्स इथे बदलून घ्यावं लागतं आणि त्यासाठी परीक्षा असते. चारुता पहिल्या फटक्यात पास झाली. माझ्या बाबतीत परीक्षकांचं मत असं पडलं, की मी डावीकडे वळताना आरशात बघतो पण मान वळवत नाही. पुढच्या वेळी मी इतकी मान वळवली की समोर बघायचं राहून गेलं. तेव्हा गाडी चारुताने चालवायची आणि मी शेजारी बसून मोहिमेचं नेतृत्व करायचं, असं ठरलं. आईंना हे रुचलं नाही. लेक गाडी हाकतेय आणि जावई हात बांधून बसलाय, याचा त्यांनी एकच अर्थ लावला, की जावयाला बरं नाही. दर थोड्या वेळाने मागच्या सीटवरून आलेपाकाची वडी यायची. (पहिल्या संध्याकाळपर्यंत मला खरोखरच बरं वाटेनासं झालं.) रस्ता सांगणारी यंत्रातली बाई जपानीत बोलायची, सई त्याचं इंग्रजी करायची, मी आईंसाठी मराठी करायचो, आई त्यावर आपलं मत द्यायच्या, आणि तोवर वळण मागे पडलेलं असायचं. असे आम्ही एका बटाट्याच्या शेतात, एका मासळी कारखान्याच्या आवारात आणि दोनदा त्याच पेट्रोलपंपावर गेलो. पंपावरचा मुलगा दुसऱ्यांदा आम्हाला बघून टोपी काढून धावत आला आणि स्वच्छ काचा त्याने पुन्हा पुसल्या.

शिरेतोकोला तळ्यांभोवती एक जंगलातली वाट आहे. तिथे जाण्याआधी सगळ्यांना एका खोलीत बसवून अस्वलाविषयी माहिती देतात. सार एवढंच, की माणूस येतोय हे अस्वलाला लांबूनच कळलं पाहिजे, म्हणजे ते आपणहून बाजूला होतं. तेव्हा बोलत राहा, टाळ्या वाजवा, घंटा असेल तर वाजवा. सईने हे हातवारे करत आजीला समजावून सांगितलं. आईंना नियम फार आवडला. आयुष्यात पहिल्यांदाच एका गणवेशातल्या माणसाने त्यांना 'बोलत राहा' असं सांगितलं होतं. बाहेर दुकानात पाठपिशवीला अडकवायच्या घंटा विकायला होत्या. मी एक हातात घेतली, तर आई म्हणाल्या, "घंटा विकत? आणि माझ्या पिशवीत आहे ती काय?" त्या बाळकृष्णाशिवाय प्रवास करत नाहीत आणि बाळकृष्ण घंटेशिवाय करत नाही, हे तुम्ही तुमच्याकडे अनुभवलं असेलच.

मग आम्ही निघालो. पुढे आई, डाव्या हातात पूजेची घंटा, उजव्या हातात सईचा हात. गणपतीपासून सुरुवात झाली. पहिल्या तळ्यापाशी शंकर झाला, दुसऱ्यापाशी देवी, आणि पुढे बाळकृष्णाचा मान म्हणून एक जादा आरती. आमच्या मागे एक निवृत्त जपानी जोडपं होतं. ही काहीतरी अधिकृत सुरक्षाव्यवस्था आहे असं समजून त्यांनी आमच्यात आणि त्यांच्यात ठरावीक अंतर राखलं आणि टाळ्यांचा ठेका धरला. (ठेका आमच्यापेक्षा बरोबर होता.) मंत्रपुष्पांजलीला ते दोघं टोपी काढून उभे राहिले. शेवटी आईंनी सगळ्यांना खडीसाखर वाटली. तळी संपली, आरत्या संपल्या. अस्वल जाऊ दे, कावळासुद्धा दिसला नाही. तो भाग त्या दिवशी इतका सुरक्षित होता, की पार्किंगमध्ये आल्यावर आई म्हणाल्या, अंबरीषरावांनी तीन दाखवली होती आणि त्यासाठी गाडीतून उतरावंही लागलं नव्हतं. मी नम्रपणे सुचवलं, की अस्वल पाहायचं असेल तर थोडं गप्प राहून बघता येईल. त्यावर त्यांनी विचारलं, की म्हणजे आता आरतीही मनातल्या मनात म्हणायची का. मी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घाट ओलांडून पलीकडच्या किनाऱ्याला निघालो होतो. धुकं होतं. चारुता जपून चालवत होती, आई सईला शंकरपाळ्यांची कृती सांगत होत्या आणि वृंदाताईंचा फोन आला. भाड्याच्या गाडीत फोन परस्पर गाडीच्या स्पीकरला जोडलेला असतो. हे आम्हाला माहीत होतं, ताईंना नव्हतं. "चारू, आईला सांगितलंस का नाही अजून?" ताई म्हणाल्या, "बेसमेंट तयार होतंय. मार्चपासून ती कायमची इकडे." चारुताने फोन तोडायला हवा होता. पण तीही त्याच आईची मुलगी. तिने विचारलं, कायमची म्हणजे काय आणि हे ठरवलं कोणी. पुढे जे झालं ते तुम्ही पलीकडून ऐकलंच आहे. आईंचे गुडघे, कुठली थंडी जास्त वाईट, बाबांच्या आजारपणात कोण किती वेळा आलं, कोणाची खोली किती मोठी. मधेच तुमचाही आवाज आला, 'जमिनीखालून हीटिंग आहे म्हणावं'. मीही आमच्या बाजूने एक वाक्य टाकलं. 'इथे मेथी मिळते.' मला त्याचा फारसा अभिमान नाही, पण ऐन वेळी तेवढंच सुचलं. मग रेंज गेली आणि स्पीकर बंद पडला.

मागून शंकरपाळ्यांची कृती पुढे सरकली नाही, आलेपाकाची वडीही आली नाही. मला मागे वळून बघायचं धैर्य झालं नाही. (मान न वळवण्याचा माझा दोष परीक्षकांनी नोंदवलेलाच आहे.) एक वळण गेलं, दुसरं गेलं. गाडीत एवढी शांतता आमच्या संसारात कधी झाली नव्हती. आणि तिसऱ्या वळणावर चारुताने हळूच ब्रेक दाबला. समोर रस्त्यात अस्वल उभं होतं.

चांगलं थोरलं होतं. ओलं. आमच्याकडे त्याने एकदा पाहिलं, आपलं काही काम नाही असं ठरवलं आणि सावकाश रस्ता ओलांडून पलीकडच्या बांबूत शिरलं. सई कुजबुजली, "कुमा." (जपानीत अस्वल.) मी फोटो काढला, त्यात वायपर उत्तम आला आहे. मग धीर करून विचारलं, आई, दिसलं ना. त्या म्हणाल्या, "दिसलं." थोड्या वेळाने एवढंच म्हणाल्या, "त्याला काय. त्याचं घर इथेच आहे."

त्यानंतरचे दोन दिवस आम्ही अतिशय शांत कुटुंब होतो आणि त्याचं फळ लगेच मिळालं. कोल्हे दिसले. हरणांचे कळप गाडीशेजारून चालले. एका तळ्यावर समुद्रगरुड दिसला आणि बोटीतून किनाऱ्यावरचं आणखी एक अस्वल, पिल्लासह. एवढे प्राणी तुम्हालाही मिळाले नसतील. कोणालाच मजा आली नाही. आई सगळ्याला 'छान' म्हणत होत्या आणि एकदाही तुमचं नाव घेत नव्हत्या, त्यावरून काय ते समजा.

असो. तात्पर्य, आई तुमच्याकडे आल्या तर माझी काहीच हरकत नाही. त्यांना सकाळचा चहा दुसऱ्याने केलेला चालत नाही आणि संध्याकाळचा स्वतः केलेला चालत नाही, एवढं सांभाळा. कचऱ्याचं वर्गीकरण त्यांना कोबायाशीबाईंनी शिकवलं आहे, तुमच्याकडे तसं नसेल तर त्या ते सुरू करतील. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. वृंदाताई माझ्यावर रागावल्या असतील तर त्यांना यांतलं जे लागू पडेल ते सांगा.

तुमचा,
सारंग

ता. क. बेसमेंटविषयी लिहायचं राहिलं. एक लहानशी विनंती आहे. तुमच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं आहे असं आईंना फोन करून सांगता येईल का? फार नको. ओल आली, भिंती वाळायला वर्ष लागेल, एवढं पुरे. तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्ही सांगितलं तर पटेल. वृंदाताईंना काय सांगायचं ते मला सुचलेलं नाही.

ता. क. चा ता. क. तुम्ही कारण विचाराल. सई मैत्रिणींशी जपानीत बोलते आणि आमच्याशी इंग्रजीत. मी मराठीत काही विचारलं की उन्हाळ्यापर्यंत ती नुसती मान हलवायची. परवा आजीशी पत्ते खेळताना ती ओरडली, "आजी, तू ना, फार शहाणी आहेस! लबाडी नाही करायची!" मी बाथरूममध्ये जाऊन थोडा वेळ नळ सोडून उभा राहिलो. आई गेल्या की आमचं घर पुन्हा गप्प होईल. मला ते नको आहे. एवढंच कारण आहे, मेथीचं तुम्ही मनावर घेऊ नका.

चि. अंबरीषराव यांना अनेक आशीर्वाद. हे पाकीट सारंगरावांनी मला पोस्टात टाकायला दिलं. डिंक लावायचा राहिला होता. लावण्याआधी आत काही राहिलं तर नाही ना, हे पाहिलं. तुमच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरणार असल्याचं वाचून वाईट वाटलं. ते शिरू देऊ नका, एवढा खर्च केला आहे. वृंदाला तिथे व्यायाम करता येईल, पाठीला बरं. तुम्ही दोघंही जावई गुणी आहात, याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या दिवशी गाडीत चौघंजण माझ्याबद्दल बोललात आणि एकानेही मला 'आई, तुमचं काय' असं विचारलं नाही. मी रागावले नव्हते, हिशेब करत होते. सगळे समजतात, मी नाशिकला घर आवरायला चालले आहे. मी राहायला चालले आहे. रंगाऱ्याला सांगून झालं आहे. सईशी माझं रोज संध्याकाळी फोनवर भांडायचं ठरलं आहे, तिने वेळ लिहून दिली आहे. सुट्टीत तिला आणि पियुषला माझ्याकडे पाठवा, एकटीएकटीने भांडण रंगत नाही. सारंगरावांना मी हे आठवडाभर सांगायला बघते आहे. पण मला कसं थांबवून घ्यावं या विचारात ते इतके गुंतले आहेत, की मला कुठे राहायचं आहे हे विचारायला त्यांना अजून वेळ झालेला नाही.

सुनेत्रा