गच्चीवरच्या दोन दोऱ्या

मंगळवार, ४ मार्च

निवडणूक परत पुढे ढकलली. रेडिओवरची बाई इतक्या गोड आवाजात सांगत होती, जणू कुणाच्या तरी लग्नाची तारीख बदलली. "परिस्थिती निवळली की." बिघडवतंय कोण, ते काही बाई सांगत नाही.

पोराचा पत्ता नाही. मतदान घ्या म्हणून चौकात बसले होते सगळे, त्यांना ट्रकमध्ये कोंबून नेलं, तेव्हापासून. हे रोज चौकीवर जाऊन येतात. रोज एकच उत्तर, "इथे नाही." मग कुठे आहे, हे विचारायची खिडकी वेगळी, आणि ती कायम बंद.

शुक्रवार, ७ मार्च

दुसऱ्या मजल्यावरच्या, फौजेतल्या कॅप्टनने तळमजल्यावरच्या नर्सबाईंकडून टाकीची चावी मागून घेतली. मागून म्हणजे काय, नुसता हात पुढे केला. "दिवस बरे नाहीत, चावी सुरक्षित हातात असावी." नर्सबाईंनी काढून दिली.

आमच्याकडे चावी अशी कुणी घेत नाही! पाणी सोडणं-बंद करणं सगळं त्या चावीवर. पूर्वी तिच्यावरून डोकी फुटली होती, तेव्हापासून रीत ठरली. गच्चीवर दोन दोऱ्या, दोन उमेदवार. दर घराने कपड्यांचा एक चिमटा लावायचा. चिमटे सगळे एकाच पाकिटातले, सारखे. एकेकट्याने वर जायचं, हव्या त्या दोरीवर लावून यायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून बघायचं. कुणाचा कुठला, ते कुणालाच कळत नाही. गेल्या खेपेला नर्सबाई निवडून आल्या होत्या. युक्ती माझी. पोरगा शाळेत सांगत सुटला होता, आमच्या आईने लोकशाही वाळत घातलीय.

रविवार, ९ मार्च

पाणी वेळेवर आलं, आणि चांगलं धो धो आलं. बेकरीवाले जिन्यात भेटले. "काही म्हणा काकू, शिस्त ती शिस्त." नर्सबाईंना जरा उशीर झाला की हेच दार वाजवायला पुढे. मी म्हटलं, पण आपल्याला विचारलं कुणी? तर म्हणे, "पाणी येतंय ना, मग झालं."

घरी येऊन चिडचिड केली. राग खरा माझाच येत होता. मीही दोन्ही पिंपं काठोकाठ भरून घेतली होती.

गुरुवार, १३ मार्च

कॅप्टनच्या दारात गेले. म्हटलं, मत घ्या. निवडून आलात तर चावी तुमची, कुणी चकार शब्द काढणार नाही. वाटलं होतं, अंगावर येईल. हसला. "घेऊ की, रविवारीच घेऊ." आत बायको इस्त्री करत होती. तिने मानही वर केली नाही. कोवळी पोर आहे, घरात असून नसल्यासारखी.

मी वळले तेव्हा म्हणाला, "काकू, तुमचा मुलगा कुठे आहे ते मला ठाऊक आहे. बरा आहे. इमारतीत एकी दिसली, तर मलाही वर शब्द टाकायला सोपं जाईल."

आहे! जिवंत आहे! जिना कसा चढले, माहीत नाही. यांना सांगितलं तर हे रडायला लागले. सासूबाई गेल्या तेव्हाही या माणसाच्या डोळ्यात पाणी पाहिलं नव्हतं.

शनिवार, १५ मार्च

हे म्हणतात, "घराचा चिमटा तूच लावतेस, तुझं तू ठरव." काय औदार्य! जन्मभर भाजी कुठली करायची तेसुद्धा यांनी ठरवलं, आणि नेमकं आज मत माझं.

पोरगा काय म्हणेल? मतासाठीच तर आत बसलाय. पण आधी घरी येऊ दे. मग काय हवं ते बोलू दे, आयुष्यभर बोलू दे.

रविवार, १६ मार्च

डावी दोरी नर्सबाईंची, उजवी कॅप्टनची. उजाडताच गुडघे धरत वर गेले. वाटलं होतं पहिली मीच, तर डाव्या दोरीवर आधीच एक चिमटा. एकुलता एक. कोण असेल? बघून इतकं बरं वाटलं, की हात आपोआप तिकडेच गेला. मग पोराचा चेहरा डोळ्यापुढे आला. उजवीकडे लावला.

उतरताना बेकरीवाले भेटले. "सगळ्यांत आधी तुम्हीच!" मी हसले.

दुपारी सगळे वर जमलो. उजवी दोरी भरलेली, डावीवर तो एकच. "माझासुद्धा उजवीकडेच आहे," नर्सबाई म्हणाल्या. सगळ्यांनी आधी दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नर्सबाईंनी माझा हात घट्ट दाबला. लाज वाटली, तरी हात सोडवून घेतला नाही. कॅप्टन जाता जाता म्हणाला, "एकी दिसली हो काकू."

मंगळवार, १८ मार्च

कॅप्टनकडे गेले. तो चिमटा माझा नव्हता, पोराची शपथ, असं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "मग कुणाचा? नाव सांगा, मुलाचं बघतो." मला माहीत नाही, म्हटलं. "मग शोधा."

माहीत असतं तर सांगितलं असतं का? असतं. इथे कोण वाचतंय म्हणून लिहिते, सांगितलं असतं.

बुधवार, १९ मार्च

दिवसभर एकेका दाराकडे बघत बसले. नर्सबाई वाटीभर साखर घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुमच्यामुळे मान ताठ राहिली." त्या गेल्यावर वाटी तशीच टेबलावर ठेवून दिली. साखरेला हात लावायची हिंमत होईना.

शुक्रवार, २१ मार्च

वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, तर मागून कॅप्टनची बायको आली. पांढरीफटक. "काकू, घरचा चिमटा लावायला यांनी मलाच पाठवलं होतं, अंधार असतानाच. तो माझा होता. तुमच्या मुलावर येईल असं वाटलं नव्हतं हो. आज सांगते त्यांना." मी तिचा हात धरला. म्हटलं, काही सांगायचं नाही, खाली जा, इस्त्री कर.

संध्याकाळी कॅप्टनच्या दारात उभी राहिले. म्हटलं, मंगळवारी खोटं बोलले. तो चिमटा माझाच होता.