आडवा आला

नाना, पहूरच्या अलीकडे माझ्या गाडीखाली एक माणूस आला. नाही, हे बरोबर नाही. परत लिहिते. मी एका माणसाला गाडीने उडवलं. बघा ना, पहिलं वाक्य आपोआपच तसं झालं, तो आला म्हणून. मराठीत हे असंच बोलतात, आणि मी आठ महिने असंच बोलत आले.

सकाळची दहाची वेळ होती. तुम्हाला माझी नोकरी माहीत नाही, तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. मी केळीची रोपं विकणाऱ्या एका कंपनीत आहे. जळगावला राहते आणि रोज कुठल्या तरी शेतात जाते. आमची रोपं घेतलेल्या शेतकऱ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्यावर दिवसभर पानांचे फोटो येतात. ताई हे काय आहे, ताई हे डाग कशाचे, ताई कोणतं औषध मारू. त्या दिवशी सावद्याच्या एका काकांनी फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'करपा वाटतो का?' करपा पडला की केळीच्या पानावर आधी बारीक पिवळ्या रेघा येतात, त्या फोटो मोठा केल्याशिवाय दिसत नाहीत. फोटो मोठा करायला दोन बोटं लागतात. मी स्टेअरिंग मनगटाने धरलं होतं. पानावर काही नव्हतं, साधी धूळ होती. मी 'करपा नाही' असं लिहायला घेतलं, 'कर' झालं, आणि आवाज आला.

तो सायकलवर होता. रस्त्याच्या कडेने, माझ्या पुढे, सरळ चालला होता. केळी कापणीचा मजूर. कापलेले घड खांद्यावरून बांधापर्यंत वाहायचे हे त्याचं काम. विळा फडक्यात गुंडाळून कॅरियरला बांधलेला होता, तो तसाच बांधलेला राहिला. त्याचा पाय मात्र गुडघ्याच्या खाली, जिथे पाय वळत नाही तिथे वळला होता. मी लगेच ॲम्ब्युलन्सला फोन लावला. जमलेले लोक म्हणाले, ताई चांगल्या आहेत, नाहीतर लोक पळून जातात. एक जण म्हणाला, किती पटकन फोन लावला हो ताईंनी. नाना, तो शोधावा लागलाच नाही. हातातच होता.

मग हवालदार आले. मी पाण्याची बाटली धरून बाभळीखाली बसले होते. ते म्हणाले, "मॅडम, राग मानू नका, विचारावं लागतं. काही घेतलेलं नाही ना?" मी नाही म्हटलं. पुढे दवाखान्यात डॉक्टरांनी तोंडाचा वास घेतला, डोळ्यांत बॅटरी मारली, चार पावलं चालायला लावलं. कागदावर लिहिलं, मद्यप्राशन केलेले नाही. या सगळ्या वेळात मोबाईल माझ्या दुसऱ्या हातात होता आणि तो मधूनमधून थरथरत होता, कारण सावद्याचे काका विचारत होते की ताई, करपा आहे का नाही, सांगा ना. कोणीच त्या हाताकडे बघितलं नाही. हवालदारांनी जबाब लिहायला घेतला. "स्पीड?" मी म्हटलं पन्नास असेल. "मग झालं कसं? आडवा आला ना?" असं त्यांनी विचारलं, आणि पेन अर्धं पुढे सरकलेलंच होतं. मी म्हटलं, "हो."

एवढंच बोलले मी. एक अक्षर. खाली सही केली, तुमचं नाव मधे घालून, पूर्ण.

तेव्हापासून मला तुमचा बैल आठवतो. मी सात वर्षांची होते. सुट्टीच्या दिवशी तुम्ही चालवायचात त्या धुळे-जळगाव एसटीत मला बसवून न्यायचात, तुमच्या डाव्या हाताच्या पहिल्या सीटवर. समोर लिहिलेलं असायचं की चालकाशी बोलू नये, आणि तुम्ही ते मलाही लागू केलं होतं. घरी इतके बोलणारे नाना गाडीत बसले की मुके व्हायचे, याचा मला राग यायचा. त्या दिवशी पारोळ्याच्या पुढे मला मळमळायला लागतं. मी थांबते, थांबते, आणि शेवटी म्हणते, "नाना, माले उलटी व्हई राहिनी." तुम्ही मान वळवता. किती वेळ? मी तोंडावर धरलेला हात काढेपर्यंत. तेवढ्यात डाव्या बाजूने बैलगाडीला घासतो आपण. बैलाचा पाय मोडतो. शेतकरी बैलाच्या मानेला धरून रस्त्यातच बसतो, तुम्ही त्याच्याजवळ जाऊन बसता. बसमधले लोक खिडकीतून ओरडतात, चला हो, उशीर होतोय. मी रिकाम्या सीटवर उलटी करते.

संध्याकाळी डेपोत तुम्हाला रिपोर्ट लिहायचा होता. मी बाजूच्या बाकावर होते. क्लार्क काका तुमच्यापेक्षा लहान, पण हुशार. ते म्हणाले, "भाऊ, लिखी दे ना, बैल आडवा उना. बठ्ठा तेच लिखतस." तुम्ही पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. मग लिहिलं, माझे लक्ष नव्हते. क्लार्क काकांनी वाचलं आणि म्हणाले, "का नव्हतं ते तरी लिख. पोरगी आजारी होती लिख." तुम्ही म्हणालात, "आंडेर मनी, डोया मना. तिनं नाव कायले लिखू?" पोरगी तुमची होती, पण डोळेही तुमचेच होते. घरी आईने हेच विचारलं तर तिलाही हेच सांगितलं.

मग तुम्हाला ड्युटीवरून काढून डेपोत बसवून ठेवलं. तुम्ही रोज खाकी घालून जायचात आणि चौकशीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायचात. शाळा सुटली की मी डबा घेऊन यायचे. बाकीचे ड्रायव्हर येताजाता चिडवायचे. एक जण म्हणायचा, "काय हो, बैलले भेटाले जातस का रविवारे? डबा लई जा त्याले." तुम्ही खरंच जायचात, हे त्याला माहीत नव्हतं. साहेबांनी तुम्हाला दोन आठवड्यांनी परत गाडीवर घ्यायचं ठरवलं तेव्हा तुम्ही नको म्हणालात. "बैलले महिना लागी, माले बी लागू द्या." तेव्हा मला लाज वाटली होती. मैत्रिणींचे वडील गाडी चालवत होते आणि माझे बाकावर बसले होते. मी डबा ठेवून पळायचे.

आता मला वाटतं की कायदा असाच पाहिजे. आमच्या जळगावात आता चौकाचौकात कॅमेरे आहेत. कानाला मोबाईल दिसला की फोटो निघतो आणि दंडाचा मेसेज येतो. कशावर येतो? मोबाईलवर. मला एकदा आला होता. तो मी गाडी चालवतानाच उघडून वाचला, नाना, आणि हसले, आणि ऑफिसच्या पोरींना दाखवला. दंडाने काय होतं ते एवढंच होतं. भरला की मोकळं वाटतं. म्हणून मला वाटतं की अपघात झाला की जसा तोंडाचा वास घेतात, तसा पहिला मोबाईल हातातून काढून घ्यावा. ड्रायव्हर कोण, बाई की माणूस, शिकलेला की नाही, रडतोय की नाही, काही बघू नये. त्या मिनिटाला त्यात काय उघडं होतं ते बघावं. दारू प्यायलेल्याला निदान रस्ता डोलताना तरी दिसत असेल, मला तर दिसतच नव्हता. तरी दारूवाल्याला लोक शिव्या देतात आणि मला पाणी दिलं. आणि दुसरं म्हणजे, ज्याचा पाय मोडला त्याचा पाय बरा होईपर्यंत मोडणाऱ्याचं लायसन जमा. महिना लागला तर महिना. त्याला पुन्हा कधीच घड उचलता आला नाही, तर पुन्हा कधीच नाही. आणि जबाब ज्याचा त्याने आपल्या हाताने लिहायचा. हवालदाराने विचारायचं नाही की आडवा आला ना.

हे मी वकिलांना सांगितलं नाही. वकिलांना मी फक्त विचारलं की मोबाईलचं सांगावं का. ते चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, कोणी विचारलंय का तुम्हाला? नाही ना. मग?" मी म्हटलं, "पण त्याच्या भरपाईचं?" ते म्हणाले, "तो आडवा आला म्हटल्यावर थोडी चूक त्याच्याकडे जाते. तेवढी भरपाई कमी बसते. बाकी विमा कंपनी देते, तुमच्या खिशातून काय जातंय?" म्हणजे माझ्या त्या एका 'हो'ची किंमत तो माणूस देणार आहे. हे मला तिथे खुर्चीत बसल्यावर कळलं. त्या आधी मी समजत होते की खोटं फक्त माझं आहे.

म्हणून मागच्या शनिवारी मी त्याच्या घरी गेले. सांगायलाच गेले होते. तो ओट्यावर काठी घेऊन बसला होता, पाय पुढे लांब करून. मला बघून उठायला लागला, उठता येईना. "ताई, तुम्ही कायले येवढ्या लांब आल्या," असं म्हणाला आणि बायकोला हाक मारून चहा ठेवायला लावला. मी विचारलं, आता काय करता. तो म्हणाला, मालकाने घडांची मोजणी करायला बसवलंय कधीमधी, बाकी बसून राहतो. मी सगळं जमवून आणलं होतं, गाडीत मोठ्याने म्हणून बघितलं होतं. मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी..." आणि त्याने मला पुढे बोलूच दिलं नाही. "ताई, तुम्ही मनाले लावून घेऊ नका. मले तर त्या दिवसाचं काही याद नाही. पन बठ्ठे सांगता, पोलिसांच्या कागदात बी तेच शे, मीच आडवा आलो. तुमची काय चूक? माहीच चूक शे. तुम्हाले उगाच कोर्टाचे चकरा पडले." आणि त्याने हात जोडले. आतून बायको म्हणाली, "मी तं हमेशा सांगे यायले, रस्त्यानं तुमचं ध्यान कुठं राहतं म्हणून. ऐकतच नव्हते." तो हसला, शरमून, जसा खरंच चुकलेला माणूस हसतो.

नाना, मी त्याच्या डोक्यात शिरून त्याची आठवण बदलून टाकली. सरळ चाललेला माणूस आता स्वतःला आडवा आलेला आठवतो. दोघांच्या मधे चहा होता. मी तो प्यायले. पूर्ण प्यायले. खूप गोड होता. आणि येते म्हणून निघाले.

पुढचं सांगायचं नव्हतं, पण मग हे लिहिण्यात काही अर्थ नाही. परत येताना, त्याचं गाव मागे पडून दहा मिनिटंही झाली नसतील, मोबाईल वाजला. ग्रुपवर पानाचा फोटो. मी बघितला. मला रडू येत होतं आणि मी रडतारडता फोटो मोठा केला, त्याच दोन बोटांनी. पुढून कोणीच आलं नाही म्हणून काही झालं नाही. गाडी बाजूला घेतली, आणि तेव्हा मला पक्कं कळलं की माझ्यात सुधारलेलं असं काहीच नाहीये. वाईट वाटणं वेगळं आणि हात थांबणं वेगळं. माझा हात कोणी तरी धरायला पाहिजे. मला चांगलं व्हायचंय म्हणून मी जबाब बदलणार आहे असं नाही. मला माझी भीती वाटते. पुढच्या वेळी कोणाचा पाय नाही, पोर असेल.

उद्या जामनेरच्या कोर्टात तारीख आहे. मी एका साध्या कागदावर लिहिलंय की तो माणूस आडवा आला नव्हता, तो सरळ जात होता, मी मोबाईलमध्ये बघत होते. सोबत लायसन जमा करायचा अर्ज. गाडीची चावी शेजारच्या काकूंकडे दिली आणि म्हटलं, मागितली तरी देऊ नका. त्या म्हणाल्या, "का गं, बरं नाही का?" मी म्हटलं, हो, बरं नाही. सकाळी बसने जाईन.

ऑफिसमध्ये कोणाला माहीत नाही. वकिलांना नाही. आईला धुळ्याला फोन लावला होता, आणि तिने जेवलीस का विचारलं, मी जेवले म्हटलं आणि ठेवून दिला. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय. त्याचं कारण प्रेम वगैरे नाही, नाना. ज्याला सांगितलं तो उद्या संध्याकाळी विचारणार, दिलास का कागद. तुम्ही विचारणार नाही.