एकुलती स्लाइड

जुना जालना
ता. ४-१२-८८

ती. दुर्गाअक्कास,
मच्छिंद्रचा सा. न. वि. वि.

भाऊबिजेला काढलेला बेबीनंदाचा फोटो मुंबईहून धुऊन आला. पुठ्ठ्याच्या चौकटीत आहे, उजेडाला धरून बघ. केवढासा म्हणून नाक मुरडू नकोस. बियाण्याच्या कंपनीला कॅलेंडरसाठी कापसाचे फोटो हवे होते, त्याला स्लाइडच लागते. त्याच रोलचा शेवटचा फोटो भाचीला दिला. स्टुडिओतल्या साध्या रोलची निगेटिव्ह भुतासारखी दिसते, अन् कागदावर रंग छापणाऱ्याच्या मर्जीनं उतरतात. यात परकर बघ, तू घेतला तसाच लाल आहे.

एक ध्यानात ठेव. स्लाइडला मागं निगेटिव्ह राहत नाही. कागदावर फोटो करायचा तरी हीच मुंबईला धाडावी लागते. जपून ठेव. दाजींना नमस्कार, बेबीला पापा. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा,
मच्छिंद्र

परतूर
ता. २०-१२-८८

चि. मच्छिंद्रास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

वा रे फोटोवाल्या! गावाचे फोटो भिंतीला, अन् सख्ख्या भाचीचा काडीपेटीएवढा? बेबी दिवसभर खिडकीत धरून ज्याला त्याला दाखवून राह्यली. शेजारची मैमूना म्हणली, बिलकुल समोर उभी वाटती. दृष्ट लागंल म्हणून सासूबाईनं आजवर हिचा एक फोटो काढू दिला न्हाई, म्हणून मला भिंतीवर लावायला पाहिजेच. संक्रांतीला ये, अन् येताना तुझा तो भुताचा रोल भरून आण. पुढचे दात पडलेत, हसली की लई गोड दिसती. मामा कधी येतो म्हणून डोकं खाऊन राह्यली. तब्येतीला जप, अन् आम्हाला विसरू नको.

तुझी,
अक्का

जुना जालना
ता. २-३-८९

ती. अक्का,

संक्रांतीला जमलं नाही, पुढच्या महिन्यात जाऊ म्हणालो. मेंदूज्वरानं तेवढीही सवड दिली नाही. आलो ते पोरीला पोचवायलाच.

तू भिंतीवर लावायला फोटो मागितलास. स्लाइड नीट बांधून पाठव. मी स्वतः मुंबईला जाऊन मोठा करून आणतो, समोर बसून बघशील एवढा. अक्का, दोन घास खात जा. तू सावरलीस तर दाजी सावरतील. दुसरं काही मागत नाही.

मच्छिंद्र

परतूर
ता. ९-३-८९

चि. मच्छिंद्रा,

स्लाइड पाठवली, पण आधी सांगते, माझ्यावर रागावू नको. बेबी गेल्यापासून ती देव्हाऱ्याजवळ ठेवली व्हती. बिनकुंकवाची तिला मी कधी शाळेत धाडली न्हाई. शुक्रवारी कपाळ मोकळं बघवंना, म्हणून कुंकू कालवून काडीनं टिकली लावली. फोटोत कपाळ ते केवढं रे! कुंकू सगळ्या तोंडावर फाकलं. मंग घाबरून ओल्या पदरानं घासलं, तर कुंकवासंगं तोंड बी निघून आलं. पदराला लागलं, ते मी धुतलं न्हाई. खाली परकर तेवढा लाल राह्यला.

हे म्हणतात, पोरीचं तोंड आपल्याला पाठ हाये, फोटो कशाला. मला कालपासून तिची डावी भुवई आठवंना.

तू लिहिलं व्हतं, निगेटिव्ह राहत न्हाई. मी ते दहादा वाचलं. तरी बाबा, एकदा स्टुडिओत बघ ना. एखादं भूत कुठं पडलं असंल, तर तेच दे. मी त्यालाच बेबी म्हणीन.

तुझ्या उत्तराच्या वाटंवर बसलेली,
अक्का