रामरावच्या गाडीची रास्त किंमत

५ जानेवारी, रविवार
सकाळीच नांदुऱ्याहून विमलवहिनींचा फोन. त्यांचे यजमान, माझा मित्र रामराव, जाऊन दोन महिने झाले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यायच्या गाडीची रास्त किंमत तुम्हीच सांगा. दुसऱ्या कोणावर माहा भरोसा नाही."
बरोबर माणसाला फोन केला. विमा कंपनीत अठ्ठावीस वर्षं मी गाड्यांची किंमत ठरवणाऱ्या सर्व्हेअरचे रिपोर्ट टाईप केले. म्हणजे मी सर्व्हेअरच. फक्त सही दुसऱ्याची असायची.
गाडी विकणार का, हे विचारलं नाही. विकणारच. बाईमाणूस स्पोर्ट्स कारचं काय करणार?
संकल्प: मैत्री बाजूला. पूर्ण निष्पक्ष. तिथे चहासुद्धा घ्यायचा नाही.

७ जानेवारी, मंगळवार
बुलढाण्याहून सातची बस. राजूर घाटात शेजारचा माणूस माझ्या खांद्यावर झोपला. त्याच्या डोक्याला तिळाच्या तेलाचा वास. शी.
वहिनींनी शेडचं दार उघडलं. एकोणीसशे सदुसष्टची, दोन दारांची, इंग्लिश बनावटीची. रामरावनं अकोल्याच्या एका डॉक्टरकडून घेतली होती तेव्हा मी सोबत होतो. लांब नाक, बुटकी कंबर. पाहिल्याबरोबर मनात आकडा आला: साडेसहा लाख.
मग लाईट लावला आणि तोंडच फिरवलं. आत जीपचं डिझेल इंजिन. सीट चार बोटं उंच केलेली, वर लग्नाच्या हॉलमधल्या सोफ्यासारखं मरून रेक्झिन. डाव्या दाराशी स्टीलचा दांडा, बाथरूममध्ये म्हाताऱ्यांसाठी लावतात तसा. रंग मोरपंखी! अशा गाडीला! रामराव माणूस चांगला होता, पण टेस्ट म्हणून नव्हती.
किंमत साडेचार लाख सांगितली. वहिनी नुसतं "बरं" म्हणाल्या.
चहा तीन कप झाला. पोहे दोनदा. नाही म्हणणं बरं दिसत नव्हतं.

८ जानेवारी, बुधवार
रात्रभर गाडी डोळ्यासमोर. किळस अशी लवकर जात नाही.
गाडी मीच घ्यावी असा एक विचार आला. लगेच झटकला. मूल्यमापन करणाऱ्यानं घेणं नियमात बसत नाही.
दुपारी ऑनलाईन कार-कव्हरचे भाव पाहिले. सहज.

९ जानेवारी, गुरुवार
नियम सर्व्हेअरला असतो. मी तर टायपिस्ट होतो.

११ जानेवारी, शनिवार
पुन्हा नांदुरा. आज तिथे संघपाल भेटला. चाळिशीचा मेकॅनिक, बसस्टँडमागे त्याचं गॅरेज. गाडीची ही सगळी विटंबना त्याच्याच हातची. मी त्याला स्पष्ट विचारलं, असा घाणेरडा दांडा काऊन लावला? इंग्लिश गाडीची ॲम्ब्युलन्स करून टाकली तुम्ही.
तो शांतपणे म्हणाला, "काका, वहिनीचे गुडघे गेले नं. खाली बसता येत नव्हतं, उठता येत नव्हतं. म्हणून सीट उंच केली, दांडा लावला. शेगावले जाता जाता इंजिन दोनदा बंद पडलं, वहिनी उन्हात बसून राह्यल्या. रामरावभाऊ म्हणे, इथं ज्याचा पार्ट भेटते असं इंजिन टाक. रंग वहिनीच्या लुगड्यावरून घेतला."
वहिनी तिथेच उभ्या होत्या. पदर डोळ्याला.
एक मिनिट मलाही कसंतरी झालं. पण भावना वेगळी आणि मार्केट वेगळं. लुगड्याच्या रंगाचे एक लाख वजा केले. दांड्याचे पंच्याहत्तर हजार. आजची किंमत दोन लाख पंच्याहत्तर.
संघपालनं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला आवडलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. तिळगूळ दाताला चिकटला. दाढ ठणकते आहे.
बायको, सुचिता, माझी वही चोरून वाचत नाही, पण कव्हरचं पार्सल तिच्याच हातात पडलं. म्हणाली, "तुम्हाले घ्याची हाय तं बाईले सरळ सांगा नं. लपवून काऊन राह्यले?"
बायकोनं नवऱ्याच्या सचोटीवर शंका घ्यावी! सणाच्या दिवशी! जेवण अर्धवट सोडलं. (पुरणपोळ्या आधीच झाल्या होत्या.)
संध्याकाळी वहिनींना फोन केला. म्हटलं, खोट्या आशेवर तुम्हाला ठेवणं मला जमणार नाही. भंगारवाला नव्वद हजार देईल तर हात जोडून घ्या. शेवटी नीट ठसावं म्हणून म्हणालो, "वहिनी, मला कोणी फुकट दिली तरी मी दारात उभी करणार नाही."
मग त्या हळूच म्हणाल्या, "एवढी वाईट हाय का हो?"
"ओकारी येईल इतकी," मी म्हणालो.
फोन ठेवल्यावर रात्रीचं जेवलो नाही. दाढेमुळे.

१८ जानेवारी, शनिवार
वहिनींचा फोन नाही. किंमत पचायला वेळ लागतो.
ठरलं. गुरुवारी जायचं आणि ऐनवेळी विरघळल्यासारखं करायचं: वहिनी, भंगारात जाण्यापेक्षा मित्राची आठवण म्हणून मीच नेतो. नव्वदऐवजी एक लाख देणार. दहा हजार जास्त. एवढं कोण करतं?
एफडी मोडली. गॉगल घेतला. रंग पांढरा द्यायचा. दांडा त्याच दिवशी कापून टाकायचा.

२३ जानेवारी, गुरुवार
सकाळी अकराला पोचलो. लाख रुपये बनियनच्या खिशात. अंगणात गाडी धुऊन उभी. वर हार. माझ्यासाठी बाहेर काढून ठेवली असं वाटलं.
वहिनींनी मला पाटावर बसवलं. अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्यासारखा खरं बोलणारा माणूस नाही पाह्यला."
मी म्हणालो, वहिनी, मी विचार करत होतो की...
त्या म्हणाल्या, "मले बोलू द्या. यायनं दवाखान्यात सांगतलं होतं, गाडी भागवतले, म्हणजे तुम्हाले, द्यायची, एक पैसा घ्यायचा नाही. पण पहिले त्यालेच किंमत विचारजो, म्हणजे आपण काय देऊन राह्यलो ते त्याले समजन. मी तं तुमच्या नावाचा कागदही करून ठेवला होता. पण तुम्ही तोंडावर खरं सांगतलं. असं भंगार तुमच्या गळ्यात कसं बांधू? मले तं लाजच वाटली."
मी म्हणालो, तशी काही अगदीच...
"नाही, नाही. भीड नका ठेवू," त्या म्हणाल्या. "संघपालले देऊन टाकली. त्याले चालते. दर महिन्यातून एक गुरुवार मले शेगावले नेतो म्हणे."
संघपालनं दार उघडलं. वहिनी दांडा धरून बसल्या, अलगद, कोणाची मदत न घेता. चेहरा उजळला त्यांचा. गाडी एका दमात चालू झाली. संघपाल म्हणाला, "काका, बसस्टँडवर सोडू का?" गाडीत जागा दोनच. हे त्यालाही माहीत होतं.
मी नारळ घेऊन अंगणात उभा राहिलो. गाडी वळणावरून गेली. मोरपंखी रंग उन्हात बराच लांबून दिसतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
सुचितानं शाल पाहिली. घडी करून कपाटात ठेवली. मग विचारलं, डोळे लाल काऊन झाले?
डिझेलचा धूर गेला म्हणून सांगितलं.
इथे लिहायला हरकत नाही. गाडीनं धूर सोडला नव्हता.